घरातली कुठली वस्तू किती युनिट खाते हे घरच्या घरी मोजता येतं का?

सांगलीवाला_८५

नमस्कार मंडळी. घरात या विषयावरून रोज महाभारत चाललंय म्हणून शेवटी इथे विचारतोय. सांगलीत आमचं छोटं रो हाऊस आहे, आई, बाबा, मी, बायको आणि मुलगी. बिल गेली कित्येक वर्षं १८० ते २०० युनिटच्या आतबाहेर, उन्हाळ्यात फार तर २२०. मागच्या महिन्यात आलं ३१८ आणि या महिन्यात ३२५. एसी नाही, नवीन काही घेतलं नाही, पाहुणे पण नव्हते. आता घरात प्रत्येकाचा आरोपी वेगळा. बाबांचं म्हणणं वायफाय रात्रभर चालू ठेवता म्हणून, आईचं म्हणणं मी इस्त्री घरी करायला लागलो म्हणून, बायकोचा संशय पाण्याच्या मोटरवर. बाबांनी तर रात्री झोपताना फ्रीज बंद करायचं सुरू केलंय, सकाळी दही आंबट ढाण झालेलं असतं.

वस्तू म्हणाल तर २६० लिटरचा डबल डोअर फ्रीज (१० वर्षं जुना), १५ लिटरचा गिझर, ५ जुने पंखे, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स, अर्धा एचपीची मोटर, इन्व्हर्टर-बॅटरी, मिक्सर, इस्त्री, राऊटर. बल्ब सगळे एलईडी.

मी प्रत्येक वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले अंदाजे तास असं एक्सेल केलं तर बेरीज येते ५४० युनिट, म्हणजे बिलापेक्षाही कितीतरी जास्त, त्यामुळे ते एक्सेल घरात दाखवायची सोय नाही. तर प्रश्न असा की प्रत्येक वस्तूचं नक्की खाणं मोजायचं कसं, आणि मीटरच फास्ट पळतंय का हे कसं ओळखायचं? मी कॉमर्सवाला आहे, जरा सोपं करून सांगा.

तिरकस_चष्मा

राऊटर बिचारा ८-१० वॅटचा. महिनाभर २४ तास चालला तरी ६-७ युनिट. बाबांना सांगा त्याच्यावरचा खटला मागे घ्या. आणि फ्रीज रात्री बंद करून फारसं काही वाचत नाही, रात्री दार कोणी उघडत नाही, बाहेर गारवा असतो, तेव्हाच तो सगळ्यात कमी चालतो. सकाळी लावला की रात्रभराची गरमी काढायला सलग धावतो. दही फुकट गेलं ते वेगळंच.

वायरमन_इचलकरंजी

दादा, आधी काही विकत घेऊ नका. सगळ्यात चांगलं मोजायचं यंत्र तुमच्या जिन्याखाली लागलेलं आहेच, वीज कंपनीचं मीटर. तेच वापरायचं.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो बघा, आणि त्याच्या जवळ ३२०० आयएमपी/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर ६४००, तुमचं तुम्ही वाचा. ३२०० म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट झालं. आता ३२०० वाल्या मीटरला हिशोब एकदम सोपा, एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला १८.७५ ने गुणा, त्या क्षणाला घरात तेवढे वॅट चालू आहेत. फक्त एक जुना पंखा फुल स्पीडला लावला तर मिनिटाला साधारण ४ लुकलुक म्हणजे ७५ वॅट. गिझर लावला की मिनिटाला शंभरच्या वर जातं, डोळ्याने मोजता येत नाही, मग मोबाईलवर व्हिडिओ काढून तो स्लो करून मोजायचा. आणि लोड कमी असेल तर उलटं करा, दोन लुकलुकीमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॅट आले. मीटर १६०० वालं असेल तर दोन्ही आकडे दुप्पट धरायचे.

आता पहिली टेस्ट. घरातला मेन पाडा. मीटरची लुकलुक पूर्ण थांबली पाहिजे. थांबली नाही तर मीटर आणि तुमच्या मेनच्या मध्ये कोणीतरी वायर जोडलीय किंवा मीटरमध्ये खोट आहे, तिथे कंपनीकडे लेखी तक्रार द्यायची. थांबली तर मेन परत चढवा, आणि रात्री सगळे झोपले की फ्रीजसकट सगळी बटणं बंद करून बघा काय चालू राहतंय. घरात काहीच चालू नाही असं वाटत असताना मीटर जे दाखवतं ना, बिल तिथे लपलेलं असतं. १०० वॅट जरी दिवसरात्र चालू राहिले तरी महिन्याला ७२ युनिट होतात. इस्त्री १००० वॅटची असली तरी आठवड्यात दोनदा अर्धा तास, त्यात पण थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, तिचं महिन्याचं बिल तुमच्या राऊटरच्या आगेमागेच येईल.

तुमचं एक्सेल ५४० का आलं त्याचं कारण पण हेच. वस्तूवर लिहिलेले वॅट म्हणजे ती जास्तीत जास्त किती ओढेल ते. ती दरवेळी तेवढे ओढतेच असं नाही. फ्रंट लोड मशीनवर २००० वॅट लिहितात ते आतल्या हीटरसकट, तुम्ही गार पाण्यात धुतलं तर हीटर लागतच नाही, पाव युनिटाच्या आसपास एक फेरी होते. गिझर पाणी तापलं की कट होतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर पण सारखा नसतो चालू.

आणि हो इन्व्हर्टर आहे म्हणालात. टेस्ट करताना त्याच्याकडे लक्ष ठेवा. इन्व्हर्टरचा मेन प्लग काढला तर त्याच्यावरचे दिवे-पंखे बॅटरीवर जातात आणि मीटरला दिसतच नाहीत, लोक म्हणतात वा लोड कमी झाला, आणि नंतर तीच बॅटरी चार्ज होताना मीटर पळतं.

मृणाल_कोथरूड

वायरमन काकांची पद्धत मस्त आहे पण त्यात एका वेळी एकच वस्तू चालू ठेवावी लागते आणि घरात सासूबाई असतील तर ते शक्य नसतं 😀 मी प्लगमध्ये लावायचं मीटर वापरते. भिंतीच्या सॉकेटमध्ये ते लावायचं, त्याच्यात फ्रीजचा प्लग लावायचा, बस. वॅट, व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर आणि जमा झालेले युनिट सगळं स्क्रीनवर येतं. ऑनलाईन हजार-दीड हजारात मिळतं. नाहीतर वायफायवाला स्मार्ट प्लग घ्यायचा, पण घेताना त्यात एनर्जी मॉनिटरिंग आहे का ते वाचा, कारण स्वस्तातले नुसते चालू-बंद करतात, मोजत नाहीत.

एक गोष्ट अगदी पाठ करून ठेवा, गिझर, एसी, इस्त्री, इंडक्शन यांच्यासाठी १६ अँपिअरवालाच प्लग घ्यायचा. ६ किंवा १० अँपिअरवाल्यावर अ‍ॅडॉप्टर लावून गिझर चालवू नका, वितळतो. आमच्या सोसायटीत एकाच्या भिंतीला काळा डाग आहे अजून.

फ्रीज नेहमी पूर्ण २४ तास मोजायचा, जमलं तर दोन-तीन दिवस. तासभर मोजून २४ ने गुणलं तर आकडा काहीच्या काही येतो. डबल डोअर फ्रीजमध्ये बर्फ वितळवायचा एक हीटर असतो, तो दिवसातून अधूनमधून लागतो. मी पहिल्यांदा मीटर लावलं तेव्हा कॉम्प्रेसर १२० वॅटवर शांतपणे चालला होता आणि मधेच स्क्रीनवर १८० दिसलं पण आवाज बंद, मला वाटलं मीटर बिघडलं, तर तो हीटर होता. आमचा जुना फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला दीड युनिट खायचा, दाराचं रबर बदललं तर सव्वावर आला. रबर तपासायला दारात कागद अडकवून दार लावा आणि ओढा, सहज सुटून आला तर तिथून गारवा बाहेर चाललाय.

बाकी माझ्या घरात सगळ्यात चीड आणणारा निघाला सेट टॉप बॉक्स. चालू असताना ११ वॅट, रिमोटने बंद केला की १० वॅट! म्हणजे लाल दिवा लागतो एवढाच काय तो फरक. बटण भिंतीवर बंद केलं तरच शून्य. महिन्याला ७ युनिट फक्त झोपण्याचे.

तिरकस_चष्मा

@मृणाल म्हणजे आमच्या ऑफिसातल्या साहेबांसारखा, जागा असो की झोपलेला, पगार तेवढाच.

नागपुरी_संत्रा

भाऊ माझा पण यातच एक प्रश्न, वेगळा धागा नाही काढत. बाजारात ते पॉवर सेव्हर नावाचा डबा मिळते ना, प्लगमध्ये लावला की बिल ३० टक्के कमी म्हणे. आमच्या शेजाऱ्यानं लावला आहे आणि तो म्हणते क्लॅम्प मीटरनं (वायरला चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) मोजलं तर अँपिअर खरंच कमी झाले. मंग हे खरं आहे का? अन दुसरं, एसी घ्यायचा आहे, स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिले असते त्याच्यावर विश्वास ठेवावा का, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात एसी चालते म्हणजे चालतेच.

वायरमन_इचलकरंजी

त्या डब्यात एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो, मी दोन-तीन फोडून बघितलेत. शेजाऱ्यांचे अँपिअर खरंच कमी झाले असतील, पण बिल अँपिअरवर नाही येत. घरगुती मीटर केडब्ल्यूएच मोजतं, म्हणजे जी वीज खरोखर कामाला लागली ती. मोटर, फ्रीज, पंखा असल्या वस्तू थोडा करंट नुसता घेतात आणि परत देतात, त्याचा हिशोब पॉवर फॅक्टरमध्ये होतो. फ्रीजला क्लॅम्प लावला, ०.९ अँपिअर आले, गुणिले २३० केलं तर २०७ येतात, पण प्लग मीटर लावलं तर खरे वॅट १३० च. ते वरचे ७७ तुमच्या घरगुती बिलात आधीपासून नव्हतेच, मग डबा वाचवणार काय? कारखान्यांची गोष्ट वेगळी, तिथे पॉवर फॅक्टरवर पैसे कमी-जास्त होतात म्हणून ते कपॅसिटर बँक लावतात. घरी लावाल तर त्या हिरव्या दिव्याचंच बिल वाढेल.

आणि क्लॅम्प मीटर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो, फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायर एकत्र चिमट्यात धरल्या तर शून्य दाखवतो, कारण एक जाणारा करंट आणि एक येणारा. एकच वायर घ्यावी लागते, आणि त्यासाठी केबलचं वरचं आवरण सोलायला घरच्यांनी बसू नये, हे आमच्याकडे सोडा.

मृणाल_कोथरूड

@नागपुरी_संत्रा एसीच्या लेबलवरचा वर्षाचा आकडा १६०० तास वापर धरून काढलेला असतो, आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ डिग्रीमध्ये वेगवेगळे तास वाटून. तुम्ही एप्रिल ते जून रोज १२ तास चालवलात तर तिथेच हजाराच्या वर तास झाले, आणि तेही नागपूरच्या ४५ मध्ये. त्यामुळे तो आकडा तुमचं बिल म्हणून धरू नका, पण दोन मॉडेलमधला फरक बघायला चांगला आहे, कारण दोन्ही एकाच पट्टीने मोजलेले असतात. लेबलवरचं साल पण वाचा, बीईई म्हणजे स्टार देणारी सरकारी संस्था निकष बदलत राहते, जुना ५ स्टार नव्या निकषात ३-४ स्टारवर येऊ शकतो. दुकानदार मागच्या वर्षीचा माल असतो तेव्हा तेवढंच सांगायचं विसरतात. १ जानेवारी २०२० नंतरच्या स्टारवाल्या एसींना डीफॉल्ट २४ डिग्रीच ठेवायचा नियम आहे, तो तसाच राहू द्या आणि सोबत पंखा लावा.

गिरणगावकर

मीटर फास्ट का या प्रश्नावर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. घरगुती मीटर साधारण १ टक्का अचूकतेचं असतं, दीडपट रीडिंग द्यायला ते फारच बिघडलेलं लागेल. शंका असेल तर फी भरून टेस्ट करून मिळते. पण त्याआधी एक बघा, मीटरवर लुकलुकणाऱ्या दिव्याशिवाय अजून एक दिवा असतो, अर्थ किंवा ईएल लिहिलेला. तो सतत लागलेला असेल तर तुमच्या फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून येणारा करंट सारखा नाही. एक तर कुठेतरी गळती आहे, गिझरचा एलिमेंट वगैरे, आणि ते धोक्याचं आहे, नाहीतर तुमचा न्यूट्रल कोणाबरोबर तरी एक झालाय.

आमच्या चाळीत हेच होतं. कधीतरी रंगकामाच्या वेळी कोणा इलेक्ट्रिशियनने शेजारच्या खोलीचा न्यूट्रल आमच्यात ठोकला होता. आजकालची मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडे बघतात आणि ज्यात करंट जास्त त्यावर युनिट धरतात, चोरी होऊ नये म्हणून. म्हणजे शेजारी इस्त्री करणार, त्याचा फेज त्याच्या मीटरमधून, पण परतीचा करंट आमच्या न्यूट्रलमधून, आणि युनिट दोघांच्याही मीटरवर! वर्षभर आम्ही घरातल्या घरात एकमेकांवर संशय घेत होतो. ओळखायची खूण हीच की आमचा मेन टू-पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) नव्हता, सिंगल पोल (फक्त फेज तोडणारा) होता, तो पाडला तरी लुकलुक थांबत नव्हती. रो हाऊस असेल तरी शेजारच्या युनिटबरोबर भिंत कॉमन असते, तेव्हा एकदा बघून घ्या.

सांगलीवाला_८५

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या पटापट आणि एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल रात्री वायरमन काकांनी सांगितलं तसं केलं. मीटर ३२०० वालंच आहे. मेन पाडला, लुकलुक थांबली. ईएलचा दिवा बंद आहे. म्हणजे मीटर आणि शेजारी दोघेही निर्दोष. मग मेन चढवून घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रीजचा प्लग काढला, राऊटर काढला, टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद. बाबा टॉर्च घेऊन शेजारी उभे, मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावून. तरी दिवा दर ७ सेकंदांनी लुकलुकतोय! ११२५ भागिले ७ म्हणजे १६० वॅट. घरात अंधार गुडुप आणि १६० वॅट चालू. गुणाकार केला तर महिन्याला ११५ युनिट, वाढलेला आकडा जवळपास तोच.

मग एकेक एमसीबी (त्या-त्या खोलीचा आपोआप पडणारा स्विच) पाडत गेलो. किचन पाडला, फरक नाही. बेडरूम, फरक नाही. हॉलचा पाडला आणि लुकलुक बंद, आणि त्याच वेळी जिन्यातला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. त्या एमसीबीवर टीव्ही आणि इन्व्हर्टर दोनच गोष्टी आहेत आणि टीव्ही तर बंद होता. लाईट तर चार दिवसांत गेलेली नाही मग इन्व्हर्टर इतका काय चार्ज करतोय? बॅटरीला हात लावला तर एका बाजूला चांगली गरम आहे.

वायरमन_इचलकरंजी

सापडलं की मग! बॅटरी किती वर्षांची? आणि पाणी किती वेळा घालावं लागतं? पूर्ण चार्ज झालेली चांगली बॅटरी असेल तर साधा इन्व्हर्टर १५-२५ वॅटवर बसून राहतो. १६० सतत म्हणजे एक सेल गेलाय. बॅटरीत सहा सेल असतात, त्यातला एक शॉर्ट झाला की व्होल्टेज कधी पूर्ण वर जातच नाही, इन्व्हर्टरला वाटतं अजून भरायचीय, तो भरत राहतो, आणि ती वीज पाणी उकळण्यात जाते.

आता महत्त्वाचं. चार्जिंग आजच बंद करा, आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद आणि मग प्लग. तशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जिन्याखालच्या बंद जागेत तो साठतो, तिथे उदबत्ती-काडीपेटी नको, खिडकी दार उघडं ठेवा. झाकणं उघडून स्वतः बघू नका, अ‍ॅसिड आहे. बॅटरीवाल्याला बोलवा, तो काचेच्या नळीने प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी म्हणजे अ‍ॅसिडची घनता बघेल, पाच सेल १२२०-१२४० आणि एकच ११०० च्या आसपास दिसला की प्रश्न मिटला.

सांगलीवाला_८५

बॅटरी साडेपाच वर्षांची आहे काका. आणि पाण्याचं विचारलंत म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली अगं बाई पूर्वी चार-सहा महिन्यांनी घालायचे मी, हल्ली दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणावा लागतो, तुम्हाला कोणी सांगितलं नाही कारण तुम्ही विचारलंच नाहीत. आत्ता प्लग काढून ठेवलाय. बॅटरीवाला उद्या येतो म्हणालाय. बाबांनी फ्रीज परत चालू केलाय पण राऊटरवरचा संशय पूर्ण गेलेला नाही.

श्टुटगार्टची_सई

धागा वाचताना मजा आली. इकडे जर्मनीत युनिट ३५-४० सेंटला पडतं त्यामुळे लोक या बाबतीत फारच शिस्तीचे आहेत. बऱ्याच गावांच्या लायब्ररीत मृणालताई म्हणतात तसं प्लग मीटर पुस्तकासारखं इश्यू करून मिळतं, आठवडाभर घरी नेऊन सगळं मोजायचं आणि परत द्यायचं. आपल्याकडे एखाद्या सोसायटीने असे दोन घेऊन ऑफिसात ठेवले तर किती बरं, कारण एकदा सगळं मोजून झालं की ते यंत्र ड्रॉवरमध्येच पडून राहतं.

मृणाल_कोथरूड

@सई माझं ड्रॉवरमध्येच आहे 🙈 सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.

@सांगलीवाला बॅटरी सुटली तरी गिझरकडे एकदा बघा, तो खरा मोठा खर्च असतो आणि तो मोजायला मीटर पण लागत नाही, साधा हिशोब आहे. एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला जी वीज लागते ती ठरलेली आहे, कंपनी कुठलीही असो. १८ लिटरची बादली, नळाचं पाणी २२ डिग्री, अंघोळीचं ४०, तर एका बादलीला साधारण ०.३८ युनिट. पाच माणसं म्हणजे रोज जवळपास २, महिन्याला ५५-६०. इन्स्टंट गिझर ३००० वॅटचा असतो म्हणून जास्त खातो असं लोक म्हणतात पण तो थोडाच वेळ चालतो, तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं तर युनिट तेवढेच. फरक पडतो तो टाकीवाला गिझर दिवसभर चालू ठेवला तर, पाणी गार होत राहतं आणि तो परत तापवत राहतो. अंघोळी एका मागोमाग उरका आणि बटण बंद.

पंखे बदलायचे असतील तर जो सगळ्यात जास्त चालतो तोच आधी बदला. जुना ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. आई-बाबांच्या खोलीतला रोज १४ तास चालत असेल तर महिन्याला १९ युनिट वाचतात, पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काय उपयोग. २०२३ पासून पंख्यांना पण स्टार लेबल सक्तीचं आहे त्यामुळे दुकानात वॅट विचारायला लाजू नका.

नागपुरी_संत्रा

एक सांगा, ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटला वरचा रेट लागते का? आमच्याकडं सगळे तसंच म्हणतात.

गिरणगावकर

नाही हो. महाराष्ट्रात घरगुतीचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर असे आहेत. ३२५ झाले तर पहिले १०० पहिल्या दराने, पुढचे २०० दुसऱ्या, आणि फक्त वरचे २५ तिसऱ्या दराने. पण वहन आकार (वीज तारांवरून आणून देण्याचे पैसे) प्रत्येक युनिटवर आहेच, इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातली वाढ-घट) असेल तर ते पण, आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणून रुपये युनिटपेक्षा जोरात वाढल्यासारखे दिसतात. वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतं हे मात्र लक्षात ठेवा, काय वाचलं हे काढताना बिलाचा सरासरी दर धरू नका.

सांगलीवाला_८५

बॅटरीवाला येऊन गेला. एक सेल ११०० च्या खाली, बाकीचे बरे. नवीन बॅटरीचा भाव विचारलाय. बायको म्हणतेय आता एवढं केलंत तर मोटर पण मोजा, तिचा संशय अजून शाबूत आहे. ती टाकीची मोटर प्लगवर नाही, डायरेक्ट स्टार्टरला आहे, मग?

वायरमन_इचलकरंजी

मीटरवरच मोजा, दुपारी बाकी सगळं बंद करून. अर्धा एचपी म्हणजे मोटर बाहेर देते ३७३ वॅट, पण ओढताना ५५०-६०० ओढते, मिनिटाला ३०-३१ लुकलुक आली तर ठीक आहे. हजार लिटरची टाकी ४० मिनिटांत भरत असेल तर ०.४ युनिटाच्या आत काम झालं. लुकलुक तेवढीच आहे पण टाकी भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतोय असं असेल तर वहिनींचा संशय बरोबर, पण मोटर बदलायची घाई नको, आधी फूट व्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाची झडप) काढून बघा, कचरा अडकला असेल किंवा रबर गेलं असेल. आणि नवीन बॅटरी बसवली की पूर्ण चार्ज झाल्यावर परत एकदा रात्रीची लुकलुक मोजा, ४० सेकंदांच्या वर अंतर आलं पाहिजे. नाही आलं तर इन्व्हर्टरचा चार्जर पण बघावा लागेल.